आधी ओल शोधा, मग टाइल्स निवडा

पत्राचा गोषवारा: नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे. गुंतवणूक म्हणून घेतलेली दोन घरं ते भाड्याने देतात. त्यातलं जुनं, दोन बेडरूमचं घर सध्या रिकामं आहे. तिथे सहा वर्षं राहिलेलं कुटुंब ‘बाथरूमच्या ओलीला कंटाळून, शिवाय ऑफिस लांब पडतं म्हणून’ सोडून गेलं. त्या ओलीवर आजवर दोनदा रंग मारून झालाय. आता पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या मनात आहे, की घर एकदाच पूर्ण नवं करावं: स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडायची, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, लाकडी फ्लोअरिंग, नवं बाथरूम. खर्चाचा अंदाज सध्याच्या भाड्याच्या ४० महिन्यांइतका, त्यातला बराचसा कर्जातून. एजंटचं म्हणणं, भाडं सहज ३० टक्क्यांनी वाढेल. यजमानांचं म्हणणं, रंग मारा आणि देऊन टाका. त्यात भाडेकरूंचे वेळी-अवेळी येणारे फोन ताईच घेतात आणि त्याला त्या विटल्या आहेत. एखाद्या एजन्सीकडे सगळं सोपवावं का, आणि घर चांगलं केलं की भाडेकरूही चांगले येतात ना, हे त्यांचे प्रश्न.

ताई, तुमच्या पत्रात किचनच्या शटरचा रंग आहे, सीलिंगमधल्या दिव्यांची मांडणी आहे, फ्लोअरिंगच्या दोन छटांपैकी कुठली घ्यावी याची घालमेल आहे. ओल मात्र एका वाक्यात उरकलीय. वेळेवर भाडं देणारं कुटुंब ज्या कारणाने गेलं, ते कारण तुमच्या आराखड्यात ‘नवं बाथरूम’ या दोन शब्दांत जाऊन बसलंय. नवं बाथरूम म्हणजे नुसत्या नव्या टाइल्स असतील, तर वर्षभरात तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल. फक्त तेव्हा कर्जाचा हप्ताही चालू असेल.

तुमच्या दोघांच्या वादात मला एक गफलत दिसते. तुम्ही म्हणता सगळं करू, ते म्हणतात काहीच नको. आधी कामांची यादी फोडून दोन याद्या करा, एक दुरुस्तीची आणि एक सुधारणेची. गळकी लाइन, जुनं वायरिंग, कुजलेली चौकट, नीट न लागणारी खिडकी ही झाली दुरुस्ती. तिने भाडं वाढत नाही, आहे ते टिकतं. त्यामुळे तिला ‘पैसे कधी वसूल होणार’ असं विचारण्यात अर्थ नाही. सुधारणेला मात्र तो प्रश्न अगदी सावकारासारखा विचारायचा. (अनेक देशांत कराच्या हिशेबातही या दोन खर्चांना वेगळी वागणूक मिळते. दुरुस्ती त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होते, सुधारणा भांडवली खर्चात जाते. तेव्हा कंत्राटदाराकडून बिलंच वेगवेगळी घ्या आणि काम सुरू व्हायच्या आत करसल्लागाराशी बोला.)

आता सावकारी हिशेब करू. सध्याचं भाडं महिना १०० धरा. तुमचा आराखडा ४,००० चा. भिंत पाडण्यापासून फ्लोअरिंगपर्यंतच्या कामाला तीन महिने लागले, तर बुडालेलं भाडं ३००. एकूण ४,३००. एजंटची ३० टक्के वाढ खरी धरली तरी दरमहा जास्तीचे ३० येणार. ४,३०० ला ३० ने भागा, १४३ महिने होतात. म्हणजे जवळजवळ बारा वर्षं, तीही कर्जाचं व्याज न मोजता आणि मध्ये एकही महिना घर रिकामं न राहता. वाढ २० टक्केच मिळाली तर अठरा वर्षं. तोवर ट्रॉल्यांचे चॅनेल आणि फ्लोअरिंगच्या कडा यांचं पुन्हा काम काढायची वेळ येऊन गेलेली असेल. ‘भाडं दरवर्षी वाढतंच की’ असं तुम्ही म्हणाल. वाढतं, पण ते साध्या घराचंही वाढतं. तुमच्या खर्चाच्या खात्यात फक्त दोन्हींमधला फरक जमा होतो.

यजमानांचा मार्ग स्वस्त दिसतो तो फक्त पहिल्या वर्षी. रंगाखालची ओल काही महिन्यांत वर येते, भाडेकरू कुरकुरतो, मग सोडतो, आणि घर पुन्हा रिकामं.

समजा, आवश्यक दुरुस्ती ८०० मध्ये झाली आणि निवडक सुधारणा ४०० मध्ये. दुरुस्तीचे ८०० हा घर भाड्याने देण्यालायक ठेवण्याचा खर्च, तो वसुलीच्या हिशेबात धरायचा नाही. उरलेल्या ४०० वर भाडं १२ टक्के वाढलं, तर पावणेतीन वर्षांत वसुली. हे आकडे तुमच्या घराचे नाहीत, तुमचे तुम्हीच भरा. एजंटचा आकडा मात्र तसाच भरू नका. शेजारपाजारच्या, नव्याने आतून केलेल्या आणि साध्या अशा घरांचं प्रत्यक्षात करार झालेलं भाडं विचारा. जाहिरातीतला आकडा ही घरमालकाची इच्छा असते.

याच कागदावर आणखी एक भागाकार करून बघा. वर्षभराच्या भाड्यातून देखभाल, कर, विमा, रिकामे महिने वजा करा आणि जे उरेल त्याला घराच्या आजच्या बाजारभावाने भागा. बहुतेक लोक जुन्या खरेदीच्या किमतीने भागतात आणि खूश होतात. आजच्या भावावर हाती २ टक्के उरत असतील, तर स्वतःला विचारा: आज तेवढे पैसे रोख हातात असते, तर हेच घर घेतलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं तर कर्ज काढून त्याला सजवण्याआधी विकण्याचाही विचार व्हायला हवा, आणि विकायचंच असेल तर दुरुस्तीची यादी पुन्हा वेगळी होते.

आता ओलीकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे. ओल दिसते एका जागी आणि पाणी येत असतं भलतीकडून. त्यामुळे फोडाफोडीआधी तपास. चार शक्यता असतात: पाण्याच्या पाइपातली गळती, सांडपाण्याची वाट किंवा बाथरूमची जमीन, बाहेरच्या भिंतीतून येणारं पाणी, आणि खोलीतल्याच हवेतली वाफ.

पहिलीसाठी रात्री सगळे नळ बंद करा, मीटरच्या आकड्याचा फोटो घ्या, सकाळी पुन्हा घ्या. रिकाम्या घरात आकडा हललेला असेल तर पाइप गळतोय. वेगळा मीटर नसेल तर प्लंबरला लाइनची प्रेशर टेस्ट करायला सांगा. पंपाने दाब भरून काही तास गेजचा काटा पाहायचा असतो. काटा उतरला की उत्तर मिळालं. दुसरीसाठी बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीवरचं पाणी वाहून जातं त्या जाळीखालच्या तोंडाला, बूच मारा, उंबऱ्याच्या खाली राहील इतपत, एक-दोन इंच पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि २४ ते ४८ तास तसंच राहू द्या. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून त्यांचं छत रोज पाहा, आपल्या बेडरूमकडची भिंतही पाहा. पातळी खुणेपासून ठळक उतरली, छतावर डाग वाढला, म्हणजे जमीन किंवा ट्रॅपचा सांधा. वाफेची शंका असेल तर भिंतीवर प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूने जमले तर दोष हवेचा. एक्झॉस्ट फॅन आणि उघडणारी खिडकी एवढ्यावर काम भागतं. थेंब प्लॅस्टिकच्या आतून, भिंतीकडून आले तर पाणी भिंतीतून येतंय. आणि पावसातच वाढणारी, एरवी वाळणारी ओल बहुधा बाहेरची असते. तिचं औषध बाहेरच्या गिलाव्याच्या तड्यात आहे, तुमच्या बाथरूममध्ये नाही.

हे सगळं करायला आठवडाही लागत नाही. घर रिकामं असताना तो मिळतोय, म्हणून मी तुम्हाला नशीबवान म्हणेन.

जमीनच गळत असेल तर टाइल्स बदलून काही होत नाही. टाइल पाणी अडवत नाही, तिच्या सांध्यांतून ते खाली मुरतंच. अडवतो तो टाइलखालचा वॉटरप्रूफिंगचा थर. तो जमिनीवर तर हवाच, शिवाय भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत चढलेला हवा. भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा, ट्रॅपचं तोंड आणि पाइप जिथून आरपार जातो ती जागा, पाणी बहुतेक वेळा इथूनच निसटतं. तिथे थरात जाळी किंवा टेप दाबून घ्यायला लावा. थर पूर्ण वाळला की टाइल्स बसवायच्या आधी वरची पाण्याची चाचणी पुन्हा. कंत्राटदार म्हणेल, ‘मॅडम, कशाला दोन दिवस घालवताय.’ घालवा. जमिनीला ट्रॅपकडे मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार आहे ना, हे त्याच्यासमोर बादलीभर पाणी ओतून बघा.

भिंत वाळेपर्यंत रंग नको. भिंतीत ओलावा असताना पुट्टी आणि रंग चढवला की तो फुगतो, पोपडे धरतो, पांढरी क्षारांची पूड वर येते. तुमचे आधीचे दोन्ही रंग याच वाटेने गेले असणार.

स्वयंपाकघराची भिंत पाडण्याबद्दल थोडक्यात. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून लेखी दिल्याशिवाय आणि इमारतीच्या व्यवस्थापनाची परवानगी घेतल्याशिवाय तिला हात लावू नका. कंत्राटदाराने टिचकी मारून ‘ही साधीच भिंत आहे’ म्हणणं म्हणजे परवानगी नव्हे. आणि खरं विचाराल तर भाडेकरूसाठी ती भिंत असलेलीच बरी. फोडणीचा वास आणि मिक्सरचा आवाज आत राहतो, हॉलमध्ये कुणी झोपू शकतं.

इथे एक नाजूक प्रश्न विचारते. या आराखड्यातलं घर कुणासाठी आहे? पत्रात तीनदा ‘मला हवं तसं’ आलंय. या घरात तुम्ही राहणार नाही. जो राहील, तो सीलिंगमधले दिवे पहिल्या आठवड्यात दाखवेल आणि पुढची चार वर्षं नळाचा दाब, पुरेसे प्लगपॉइंट, कपडे वाळत घालायची जागा आणि दार घट्ट लागतं की नाही यावर घराबद्दलचं मत ठरवेल. फॉल्स सीलिंग तर वरून गळती झाली तरी महिनोन्महिने लपवून ठेवतं. लाकडी फ्लोअरिंगला पाण्याचं वावडं, आणि भाडेकरू फरशी पुसताना पाणी पिळून घेईलच असं नाही. आवड भागवायला तुमचं राहतं घर आहे.

तेच पैसे वायरिंगकडे वळवा. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, गीझर आणि एसीला स्वतंत्र लाइन द्या. किचनमध्ये सिंकखालचं कपाट पार्टिकल बोर्डचं नको. गळक्या सांध्याने सगळ्यात आधी तेच फुगतं. तिथे वॉटरप्रूफ प्लाय वापरा, नाहीतर ती जागा उघडीच ठेवा. नळ असे घ्या की ज्यांचं आतलं कार्ट्रिज कुठेही मिळेल. सगळ्या खोल्यांना एकच रंग, त्याचा शेड नंबर लिहून ठेवा. चमकदार रंगापेक्षा मॅट रंगावर डागडुजी केलेली कमी कळते. टाइल्सच्या दोन पेट्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर टाका, कारण पुढच्या बॅचची छटा हुबेहूब जुळेल याची खात्री नसते.

भिंती उघड्या आहेत तोवर एक काम कुणालाही न सांगता स्वतः करा. पाइप आणि वायर गिलाव्याखाली जाण्याआधी प्रत्येक भिंतीचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढा. पाच वर्षांनी कुणी गीझरसाठी भोक पाडायला येईल तेव्हा हे फोटो सोन्याचे ठरतील.

कंत्राटदार तीन पाहा, पण तिघांना कामाची एकच लेखी यादी द्या. एकाने दरात वॉटरप्रूफिंग धरलंय आणि दुसऱ्याने नाही, तर त्या आकड्यांची तुलनाच होत नाही. पैसे तारखेला नव्हे, टप्प्याला द्या: पाइप टाकून चाचणी झाली, पाणी साठवून चाचणी झाली, टाइल्स झाल्या, असे. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर महिनाभर तरी हातात ठेवा. आणि जुन्या घरात भिंत उघडली की काहीतरी निघतंच, म्हणून अंदाजाच्या वर १५ ते २० टक्के वेगळे धरा. तेवढे हाताशी नसतील तर यादी छोटी करा.

भाडं किती सांगावं याचाही जरा हिशेब बघा. एक महिना घर रिकामं राहिलं की वर्षाचं ८.३ टक्के भाडं गेलं. १०० ला लगेच जाणारं घर १०९ च्या हट्टापायी महिनाभर अडलं, तर वर्षअखेर तुम्ही तिथेच: बाराशे आणि अकराशे नव्व्याण्णव. म्हणून चांगल्या भाडेकरूला टिकवण्यासाठी कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी थोडी कमी वाढ घेणं हा व्यवहारच आहे.

चांगल्या घराला चांगले भाडेकरू मिळतात का? अर्धवट खरं. चांगल्या घराला जास्त लोक विचारायला येतात, निवड तुम्हालाच करायची असते. भाडं उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत बसतंय का पाहा. चौकशी सध्याच्या घरमालकापेक्षा त्याच्या आधीच्या घरमालकाकडे करा, कारण सध्याच्याला पाहुणा लवकर निघावा असंही वाटत असू शकतं. निकष सगळ्यांना तेच लावा. किल्ली देताना दोघांनी मिळून घरभर फिरून व्हिडिओ काढा, मीटरचे आकडे आणि सामानाची यादी लिहून दोघांच्या सह्या घ्या. चार वर्षांत फिका पडलेला रंग ही वापराची झीज आहे, फुटलेलं बेसिन हे नुकसान. हा फरक करारात लिहून ठेवलात की अनामत रकमेवरचे निम्मे वाद उद्भवणार नाहीत. त्याच फेरीत पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आणि विजेचा मेन स्विच भाडेकरूच्या हाताने एकदा बंद-चालू करून घ्या. फुटलेल्या पाइपाखाली उभं राहून तुम्हाला फोन लावणारा माणूस पाणी बंद करायला विसरतो.

फोनचा जाच एजन्सीविनाही बराच कमी होतो. रात्री फोन कशासाठी करायचा ते लिहून द्या: पाणी वाहतंय, गॅसचा वास, विजेचा झटका किंवा जळका वास, दार उघडत नाही. बाकी सगळं मेसेजवर, उत्तर दुसऱ्या दिवशी, आणि ते उत्तर मात्र चुकू नका. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि कुलूपवाल्याचे नंबर भाडेकरूकडेच द्या. महिन्याच्या भाड्याच्या ५ टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती त्याने परस्पर करावी आणि पावती दाखवून भाड्यातून वळती करावी, असं ठरवा. वर्षाला निदान एका महिन्याचं भाडं वेगळ्या खात्यात टाका, म्हणजे गीझर गेला की घरात चर्चासत्र भरणार नाही.

एवढं सहा महिने करून पाहा. तरीही वैताग उरला, तर एजन्सी जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. अनेक ठिकाणी त्यांचं शुल्क भाड्याच्या ८ ते १२ टक्के असतं, नवा भाडेकरू आणल्याचे वेगळे. सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. किती रकमेपर्यंतची दुरुस्ती ते तुम्हाला न विचारता करतील? आणि दुरुस्तीच्या बिलावर त्यांना कमिशन मिळतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं, तर दुसरी एजन्सी शोधा.